कॅन की बाटली: इंदूरच्या उन्हाळ्यातली नोंद

कॅनमधली आणि बाटलीतली बिअर चवीला खरंच वेगळी लागते का, हे बघायचं होतं. मागच्या वेळी ठरवलं होतं की एकाच ब्रँडची लागर बिअर, एकाच महिन्यात भरलेली, कॅन आणि तपकिरी बाटली अशी दोन्ही हाती आल्याशिवाय तुलना करायची नाही. ६५० मिलीची बाटली इथं कुठेही मिळते, ५०० मिलीचा कॅनही मिळतो, पण तारखा जुळवायच्या म्हणजे दुकानदाराला खोकी उपसायला लावणं आलं. अखेर जोडी जमली.

पद्धत तीन पेल्यांची. दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता ते सांगायचं. ओतण्याचं आणि पेल्यांच्या बुडाला खुणा करण्याचं काम वहिनींनी स्वयंपाकघरात केलं. चाखायला मी, दादा आणि रामबागेतला एक मित्र. बाटली आणि कॅन आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये शेजारी-शेजारी. लवंग सेव शेवटचा पेला होईपर्यंत टेबलावर आणायची नाही. मधे फक्त पोळीचा तुकडा आणि पाणी.

तिघांपैकी कोणालाही खात्रीनं ओळखता आलं नाही. मित्र पहिल्याच घोटाला म्हणाला, "भिया, ही तर बाटलीचीच!" वहिनींनी पेला उलटून खूण दाखवली, कॅनची होती. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हाच विषय घेतला होता. बिअर बाटलीतून आल्याचं दिसलं की लोक तिला जास्त गुण देतात, असं त्यांना आढळलं. त्यामुळे ओतणारा आणि चाखणारा वेगळा हवाच, यावर मी आता ठाम आहे.

कॅनला धातूची चव येते, ही तक्रार मला पटत नाही. कॅनच्या आतून पातळ थर दिलेला असतो, बिअर ॲल्युमिनियमला लागतच नाही. २४ जानेवारी १९३५ला अमेरिकेत रिचमंडला पहिल्यांदा डबाबंद बिअर विकली गेली, तेव्हाच्या पोलादी डब्यांनाही आतून थर होता. धातू जाणवतो तो ओठांना, थेट कॅनला तोंड लावल्यामुळे. शिवाय त्या छोट्या भोकातून नाकापर्यंत वास पोचत नाही, आणि बिअरची निम्मी गंमत वासात आहे. पेल्यात ओता, तक्रार मिटते.

खरा फरक सापडला तो गच्चीवर. एकाच कॅनमधली बिअर काचेच्या दोन सारख्या पेल्यांत ओतली. एक तसाच उघडा, दुसरा स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये बुडापासून वरपर्यंत गुंडाळलेला, आणि दोन्ही उन्हातच, म्हणजे ऊब दोघांना साधारण सारखी आणि मुख्य फरक उजेडाचा. थोड्या वेळानं दोन्ही आत आणले. गुंडाळलेली कोमट होती, फेस बसला होता, पण वास लागरचाच. उघडी नाकाजवळ नेली तर हिंगाची डबी उघडल्यासारखा भपकारा. दादानं पेला लांब ठेवला तो ठेवलाच.

हे घडतं हॉप्समुळे, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमुळे. बिअरमधलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) निळा उजेड शोषतं, त्या ऊर्जेनं हॉप्सचे कडू घटक तुटतात आणि गंधकाशी जुळून एक थायॉल, म्हणजे उग्र वासाचा गंधकयुक्त पदार्थ, बनतो. लिटरला काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी फार कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये तर उजेडाला वाटच नाही. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरमध्ये कडूपणा बेताचा असतो, म्हणून तिथं हा वास तितका जाणवत नाही. हॉप्सवाली लागर किंवा आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) घेणाऱ्यांनी मात्र दुकानात बाटली कुठं उभी होती हे बघून घ्यावं. पश्चिमेच्या काचेला लागून मांडलेली हिरवी बाटली मी तरी घेणार नाही, कितीही थंड असो.

उरला हवेचा प्रश्न. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाखालच्या अस्तरातून ऑक्सिजन अगदी हळू आत झिरपतो, कॅनच्या दुमडलेल्या सांध्यातून तो जवळजवळ येत नाही. पण भरताना आत राहिलेला ऑक्सिजन दोन्हीत असतो, आणि उष्णता त्याचं काम भराभर उरकते. बिअर शिळी होऊन ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते ती यामुळे. माळव्यातल्या रात्री थंड असल्या तरी मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि त्या वेळी माल ट्रकमध्ये किंवा पत्र्याच्या गोदामात असेल तर कॅनही वाचवत नाही.

म्हणून सध्या माळ्यावर त्याच तारखेची एक बाटली आणि एक कॅन ठेवलाय, जुन्या गोणपाटाखाली अंधारात. त्यांचे जोडीदार फ्रिजमध्ये आहेत. पाऊस सुरू झाला की चौघांना एकत्र थंड करून पुन्हा तीन-तीन पेले मांडणार. ग्वाल्हेरकरांकडे उन्हाळा आमच्याहून कडक. तिकडे कोणी अशीच जोडी ठेवली तर भरल्याची तारीख आणि माळ्यावरचं तापमान तेवढं लिहून ठेवा, म्हणजे ताळा जुळवता येईल.