एकट्याचा मेळा

अखाजी (अक्षय्य तृतीया), रात्र

सांजोऱ्या आणि आमरस खाऊन सगळे गच्चीवर आडवे झालेत. अंथरूण अजून तापलेलंच आहे. झोप येईना म्हणून बॉन आयव्हर या अमेरिकन बँडची ‘ब्लड बँक’ लावली. ही ईपी, म्हणजे छोटा अल्बम, जानेवारी 2009 मध्ये आली. गाणी चारच, सगळी मिळून साधारण सतरा मिनिटांची. त्याआधी बँडचा गायक जस्टिन व्हर्नन याने विस्कॉन्सिनच्या जंगलात, वडिलांच्या केबिनमध्ये एका हिवाळ्यात केलेला बँडचा पहिला अल्बम गाजला होता. लोक पुढच्या मोठ्या अल्बमची वाट बघत असणार, आणि त्याने एवढंच दिलं. मला हे फार आवडतं. भरतीचं गाणं एकही नाही. पहिल्यात बर्फात अडकलेली गाडी आणि आतली दोन माणसं, तिसऱ्यात पियानोचे तेच ते ठोके.

पण जीव अडकतो तो चौथ्यात, ‘वुड्स’मध्ये. वाद्य नाहीच. व्हर्ननचा आवाज ऑटोट्यूनमधून, म्हणजे सूर यंत्राने बसवून काढलेला, आणि चारच ओळी फिरून फिरून. आधी एक आवाज, मग त्यावर त्याचाच दुसरा, मग आणखी, आणि शेवटी गच्च गर्दी. रॅपर कान्ये वेस्टने 2010 मध्ये आपल्या गाण्यात घेतलं ते हेच.

काकू जाग्याच होत्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “हाऊ एकलाच गाई ऱ्हायना का?” मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, “त्याना घरमा कोनी नई का?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण गाणं नेमकं तेच आहे. रानात एकटा गेलेला माणूस आपल्याच आवाजाचं घर भरवतो. आवाज पट्ट्या बदलत वर चढतात, पण गळा एकच.

आज दुपारी निंबाच्या झोक्यावर माहेरी आलेल्या पोरी आणि काकू गौराईची गाणी म्हणत होत्या. तिथं बरोबर उलटं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. सूर सगळ्यांचा एकच, वर-खाली कोणी जात नाही, पण गळे किती वेगळे! कुणाचा शेतात राबून खरखरीत झालेला, कुणाचा कोवळा, काकूंचा दम तुटणारा. एकीचा श्वास संपला की दुसरीचा आवाज ओळ धरून ठेवतो, गाणं खाली पडत नाही. व्हर्ननला हेच एकट्याने उभं करावं लागलं, आणि त्याने ते इतकं खरं केलं की काकूंना त्याच्या घरच्यांची काळजी वाटली.

काकूंची गाणी अजून कुणी टिपलेली नाहीत. या पोरी सासरी परतायच्या आत रेकॉर्डर घेऊन बसायचंय. चार गाणी पुरेत, पण झोका चालू असताना, दोरीच्या करकरीसकट. काकूंना विचारलं. म्हणाल्या, आधी सुरतवालीला फोन कर, पुढच्या ओळी तिलाच येतात.