टनेल, नोंद ७: मधलीच ओळ का मरते?

माझ्या टनेलमधली (पाइपच्या कमानींवर प्लॅस्टिक ताणून रोपांसाठी केलेल्या बोगद्यातली) मर, म्हणजे कोवळी रोपं बुंध्याशी कुजून कोलमडणं, थांबली. गेले ९ दिवस एकही रोप आडवं पडलेलं नाही. मागच्या तीन नोंदींत मी बियाण्याला, कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुश्याला) आणि स्वतःच्या झारीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. तिघांचीही जाहीर माफी मागते. चोर डोक्यावरच बसला होता.

आधी गोड बातमी. १०४ कप्प्यांच्या ट्रेमधल्या ९१ मिरच्या उगवल्या. मिरची तशी हट्टी, माती २५ ते ३० अंश उबदार मिळाल्याशिवाय हलत नाही. मागच्या खेपेला बाहेर उघड्यावर लावलेल्या ट्रेत निम्म्यासुद्धा आल्या नव्हत्या. बाराव्या दिवशी सकाळी प्लॅस्टिक वर केलं तर सगळीकडे वाकलेल्या माना, काहींच्या टोकाला बियांची टोपी अजून अडकलेली. पाच मिनिटं नुसती बघत बसले.

आता मधल्या ओळीचं. सांगाडा तोच आहे: जमिनीत ठोकलेल्या सळयांवर पाऊण इंची पीव्हीसी पाइपच्या ५ कमानी, प्रत्येकीला १० फूट पाइप, पायाशी रुंदी ६ फूट, त्यामुळे आढं सव्वातीन फुटांवर. ट्रे आडवे, एकामागे एक. प्रत्येक ट्रेमध्ये कडेची रोपं ठणठणीत आणि मधली दोन-तीन ओळींतली बुंध्याशी पाणचट, दोऱ्याएवढी बारीक होऊन कोलमडलेली. मर एरवी चकत्यांनी पसरते, एका रोपापासून गोल गोल वाढत जाते. इथे मात्र फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ पट्टा, तोही एका ट्रेतून दुसऱ्यात तसाच पुढे गेलेला. हे मला तिसऱ्या नोंदीच्या वेळीच खटकायला हवं होतं.

मग ट्रे फिरवून बघितले. आडवे होते ते उभे केले. नवी मर पडली ती पुन्हा टनेलच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे ट्रेच्या वेगळ्याच कप्प्यांत. पट्टा ट्रेसोबत फिरला नाही, जागच्या जागी राहिला. म्हणजे दोष ट्रेत नव्हता, जागेत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी टॉर्च घेऊन आत पाठीवर आडवी झाले. धाकट्या भावाने बाहेरून विचारलं, "ताई, नक्की काय चाललंय?" उत्तर द्यायच्या आधीच एक गार थेंब थेट डोळ्यात. मग दुसरा, कपाळावर. आढ्याच्या पाइपला जिथे जिथे केबल टाय बांधलाय, तिथे तिथे एकेक टपोरा थेंब लोंबत होता. हाताच्या घड्याळावर मोजलं, एकाच टायखाली मिनिटाला चार थेंब. असं रात्रभर.

उलगडा साधाच आहे. ट्रेमधलं पाणी वाफ होऊन वर जातं आणि गार प्लॅस्टिकवर दव होऊन बसतं. निरभ्र रात्री प्लॅस्टिक आभाळाकडे उष्णता टाकत आणखी गार होतं, म्हणून त्या सकाळी टपटप सगळ्यात जास्त. (पॉलिथिन ही उष्णता फारशी अडवतही नाही. माझ्या थर्मामीटरवर दोनदा आतलं किमान तापमान बाहेरच्यापेक्षा खाली गेलंय. रात्री टनेल ऊब देतं, हा समज आता सोडा.) बाजूंना उतार असल्यामुळे तिथले थेंब ओघळून जमिनीत जातात. गोल कमानीचा माथा मात्र जवळजवळ सपाट. तिथले थेंब ओघळत नाहीत, आढ्याच्या पाइपवर उतरतात, पाइप धरून सरकतात आणि टायच्या गाठीवरून पडतात. खाली कोकोपीट कायम ओलंगच्च, आणि मर आणणाऱ्या पिथियमचे (बुरशीसारख्या एका जिवाचे) बीजाणू पाण्यातून पोहत जाणारे. त्यांच्यासाठी मी घरपोच सोय करून ठेवली होती.

तात्पुरता उपाय म्हणून ट्रे दोन्ही बाजूंना सारले, मध्ये वाट ठेवली, पाणी फक्त सकाळी, आणि संध्याकाळी बंद करण्याआधी दोन्ही तोंडं अर्धा तास उघडी. ते नऊ दिवस याचेच. पण वाटेत एक तृतीयांश जागा गेली, हे मला पटत नाही. आतून भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी फवारून बघितलं. थेंब न धरता पाण्याचा पातळ पडदा होतो आणि ओघळतो, मजा वाटते. चार दिवसांत साबण धुऊन गेला, मजा संपली.

कायमचा उपाय म्हणजे टोकदार माथा. उतार किती लागेल हे बघायला फळीवर प्लॅस्टिक ताणून उलटं धरलं, खालून फवारा मारला आणि एक बाजू उचलत गेले. साधारण २५ अंशांपर्यंत थेंब हट्टाने चिकटून, त्यापुढे सुटून पळायला लागले. कमान माथ्यावर कापून ४५ अंशांचा एल्बो (पाइप कोनात जोडणारा तुकडा) घातला तर दोन्हीकडे साडेबावीस मिळतात, आणि पाइप वाकलेलाच असल्याने चार बोटांवर उतार वाढतो. रविवारी एक कमान कापली. एल्बो सोल्युशन न लावता बसवला तो पाइपच्या ताणाने गोफणीसारखा उडाला. सोल्युशन लावल्यावर टिकलाय, पण त्याची कड प्लॅस्टिकला टोचते, तिथे कापडी पट्टी गुंडाळावी लागली. अजून चार बाकी.

पट्टीवरून आठवलं: पीव्हीसी जिथे प्लॅस्टिकला टेकतं तिथे प्लॅस्टिक आधी कुजतं. कमानींवर पांढरा रंग द्या, आळस करू नका. पांढरे केबल टायही नकोत, उन्हात कडकडून तुटतात, काळेच घ्या. आणि "यूव्ही आहे हो" (म्हणजे उन्हात टिकणारं प्लॅस्टिक) असं नुसतं तोंडी सांगणाऱ्या पुरवठादाराकडून पुन्हा काही घेणार नाही. त्याचं पहिलं प्लॅस्टिक एका उन्हाळ्यात पापडासारखं मोडलं होतं. आताचं २०० मायक्रॉनचं आहे, कडेला छापील शिक्का आहे.

थांबा. हे लिहिताना समोर प्लॅस्टिक धरायच्या क्लिपा कापून उरलेला एक इंची पाइप दिसतोय. सगळं पाणी आढ्याच्या पाइपवरूनच पडत असेल, तर चार कमानी कापायच्या कशाला? उरलेल्या पाइपची उभी पट्टी काढायची, झाली पन्हळ. ती आढ्याखाली टांगायची, एक टोक दोन बोटं खाली, त्याखाली बादली. पन्हळीचे टाय मात्र आढ्याच्या जुन्या टायजवळून चुकवून बांधायला हवेत, नाहीतर थेंब त्यांच्यावरूनच बाहेर ओघळायचे.

एल्बो बाजूला ठेवले. करवत काढली आहे, आज रात्री टांगते. आभाळ निरभ्र आहे, म्हणजे परीक्षा पुरी होईल. मधल्या वाटेत वांग्याचा एक ट्रे पणाला लावते. बादलीत किती जमलं ते सकाळी मापून लिहीन.