टर्मिनल सर्व्हर, नोंद ६: व्हिडिओ नेमका अडतो कुठे

मांडणी आधीच्या नोंदींतलीच आहे: सगळे प्रोग्राम एका सर्व्हरवर चालतात, आणि टर्मिनल फक्त त्यांचं चित्र दाखवतात. १६ जीबी रॅमचा सर्व्हर गिगाबिटवर, आणि १०० मेगाबिटच्या पोर्टवर नेटवर्कवरून बूट होणारी सहा जुनी टर्मिनल. टायपिंग, मेल, स्प्रेडशीट सुरळीत चालतं. पण एकाने ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की बाकीच्या पाचही जागी अक्षरं उशिरा उमटायची. माऊसचा बाण मात्र सुळसुळ फिरायचा, कारण तो टर्मिनल स्वतःच काढतं.

आजवर मी प्रोसेसरलाच दोष देत आलो. या वेळी व्हिडिओ चालू ठेवून सर्व्हरवर टॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारा प्रोग्राम) उघडून बसलो, तर प्रोसेसर निम्माही भरलेला नव्हता. मग कागदावर गणित मांडलं. ६४० बाय ३६० ची खिडकी, दर पिक्सेलला ४ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम: २३ मेगाबाइट, म्हणजे १८४ मेगाबिट. तार १०० ची! मूळ व्हिडिओ जेमतेम एखाद्या मेगाबिटचा, पण सर्व्हरवर उलगडला की प्रत्येक फ्रेम कच्ची होऊन तारेवर उतरते.

पण मग बाकीच्या पाच जणांना त्रास का? उत्तर स्विचमध्ये सापडलं. संथ पोर्टचा बफर, म्हणजे पॅकेट थोडा वेळ साठवायची जागा, तुंबला की स्विच सर्व्हरला पॉज फ्रेम, म्हणजे ‘जरा थांब’ असा निरोप धाडतो, आणि सर्व्हरचं नेटवर्क कार्ड त्या एका टर्मिनलपुरतं नव्हे, सगळ्यांसाठीच थांबतं. एथटूल या कमांडने कार्डाचे आकडे काढले, तर एक्सऑफचा, म्हणजे अशा निरोपांचा, आकडा भराभर चढत होता. व्हिडिओ थांबवला, आकडा जागीच थांबला. पुन्हा लावला, पुन्हा धावू लागला. चार वेळा करून पाहिलं. इतकी स्वच्छ खूण या छंदात क्वचित मिळते. कार्डावरचा फ्लो कंट्रोल, म्हणजे हे निरोप पाळणं, बंद केला आणि पाचही जण मोकळे झाले. आता जादा पॅकेट स्विचवर गळतात, आणि टीसीपी (पॅकेट गळली की वेग कमी करणारा नेटवर्कचा नियम) त्या एकाच टर्मिनलचा वेग आवरतं.

व्हिडिओ पाहणाऱ्याचा प्रश्न उरलाच होता. चार टर्मिनलांत पुरेशी रॅम आहे, त्यांना फॅट क्लायंट केलं: सिस्टमची इमेज सर्व्हरवरूनच येते, पण ब्राउझर टर्मिनलवर चालतो आणि तारेवरून दाबलेला व्हिडिओच जातो. २०१९ साली नव्याने लिहिलेलं एलटीएसपी (नेटवर्कवरून टर्मिनल बूट करणारं सॉफ्टवेअर) मुळातच असं चालतं, आणि माझ्या मते हाच खरा उपाय आहे. ७२०पी आता काही मेगाबिटांत भागतं.

५१२ एमबी रॅमची दोन टर्मिनल थिनच राहणार, म्हणजे त्यांचे प्रोग्राम सर्व्हरवरच चालणार. तिथे फाइल एमपीव्ही या प्लेअरमध्ये एक्सव्ही आउटपुटने लावतो; त्यात फ्रेम आटोपशीर रंगस्वरूपात जाते. पिक्सेलला ३२ ऐवजी १२ बिट लागतात, म्हणजे १८४ चे ६९ मेगाबिट, आणि चित्र ताणायचं काम टर्मिनलचं ग्राफिक्स करतं. त्यामुळे पूर्ण स्क्रीन केली तरी तारेवर एक बिटही वाढत नाही.

जाता जाता सर्व्हरवर सिस्टमडीच्या यूझर स्लाइसमध्ये (प्रत्येक वापरकर्त्याचे प्रोग्राम एकत्र बांधणारा गट) प्रत्येकाला मेमरीची मर्यादाही घातली. कुणाचे चाळीस टॅब आता दुसऱ्याला स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्कवर, ढकलत नाहीत.

त्या दोन थिन टर्मिनलांवर आवाज अजून चित्राच्या किंचित मागे राहतो. कच्चा स्टिरिओ आवाज १.४ मेगाबिटचाच, म्हणजे तारेचा दोष नाही. पुढच्या खेपेला आवाज पोहोचवणाऱ्या पल्सऑडिओचा बफर उघडून बघणार आहे.