उत्पन्न वाढवून मागणारी बाई

"ताई, इथे लोक उत्पन्न कमी लिहा म्हणून हात जोडतात. वाढवून मागणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तलाठी भाऊसाहेब हे बोलले तेव्हा माझ्यामागे पंधरा-सोळा माणसं उभी होती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, ५ नोव्हेंबर २०२४. व्हिसासाठी दाखला पाहिजे एवढंच मी सांगितलं. ऑस्ट्रियात जाऊन बर्फावरची बायकांची शर्यत बघायची आहे, हे गिळून टाकलं. ते ऐकून पुढचा अर्धा तास कुणी काम केलं नसतं.

आमची केळी आहे, तापीकाठी, २ हेक्टर ४१ आर, सातबारा माझ्या नावावर. मोठी मुलगी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला शिकते. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात ती मला फोनवर स्लॅलम, म्हणजे स्कीइंगची एक शर्यत, दाखवायला लागली. उभ्या उतारावर लाल-निळ्या दांड्या रोवलेल्या, त्यांच्यामधून नागमोडी वळणं घेत एकेक पोरगी खाली येते. दांडीला लांबून वळसा घालत नाहीत, हाताने आणि नडगीने ती आपटून आडवी करतात आणि पुढे जातात. दांडी बुडाशी लवते आणि परत उभी राहते. एक गेट, म्हणजे दांड्यांमधली ठरलेली वाट, चुकली की बाद. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "टेकू लावलेल्या बागेतून पयून राहिली व ही!" तेव्हापासून घरात त्या खेळाला टेकूची शर्यतच म्हणतात. दर दोन वर्षांनी होणारी जागतिक स्पर्धा २०२५ च्या फेब्रुवारीत साल्बाख-हिंटरग्लेमला होती, महिलांची स्लॅलम १५ तारखेला. मुलीने मला न विचारता दोन तिकिटं काढली. "आई, तू फक्त व्हिसाचं बघ."

फक्त!

मुंबईच्या व्हिसा केंद्राच्या यादीत माणसं चार प्रकारची होती: नोकरदार, धंदेवाले, विद्यार्थी, निवृत्त. नोकरदाराला पगाराची स्लिप, धंदेवाल्याला रिटर्न. शेतकरी कुठेच नाही. जळगावच्या सीएंनी समजावलं की शेतीचं उत्पन्न तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त आहे, म्हणून तुमचं रिटर्नच नाही. मग सातबारा, ८-अ, केळीच्या पट्ट्या (व्यापाऱ्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या) आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडा. सातबारा आणि ८-अ डिजिटल सहीचे, पंधरा-पंधरा रुपयांत घरबसल्या निघाले. पट्ट्यांचा मात्र तमाशा. आमचा व्यापारी वजन आणि भाव पिवळ्या कागदावर पेनाने लिहून देतो. एका पट्टीच्या मागे मजुरांच्या चहाचा हिशोब होता, २२ कटिंग. त्याच्याकडून वर्षभराचा हिशोब लेटरहेडवर टाइप करून घ्यायला चार दिवस गेले. भला माणूस, पण त्याला वाटत होतं मी त्याला कशात तरी अडकवतेय.

आता दाखला. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न, "लाडकी बहीणचा फॉर्म भरलाय का? त्याची मर्यादा अडीच लाखाची आहे. ९ लाखाचा दाखला काढला तर हप्ता गेला समजा." मी म्हटलं, भरलाच नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. कोतवालाने यादी उघडून माझं नाव शोधलं, सगळ्यांसमोर. नव्हतं. मग ते म्हणाले, अहवाल देतो, पण निवडणुकीनंतर. २० तारखेला मतदान, सगळी कचेरी त्या कामात. इथपर्यंत माझी तक्रार नाही. त्या महिन्यात त्या लोकांना जेवायलाही वेळ नव्हता.

अहवाल २७ नोव्हेंबरला हातात पडला आणि दुसऱ्या दिवशी सेतूत अर्ज केला. आठ दिवसांनी मोबाईलवर मेसेज: त्रुटी. कसली त्रुटी ते मेसेजात नाही. सेतूवाला म्हणाला कचेरीत विचारा, कचेरीतले म्हणाले सेतूवाल्याला दिसतं. दोन दिवस मी या दारातून त्या दारात. शेवटी एका टेबलावरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्या ऍडमिशनला आम्ही दाखला काढला होता, १ लाख १० हजारांचा. आता ९ लाख २० हजार. शेरा होता, "मागील उत्पन्नाशी तफावत, खुलासा घ्यावा."

खोटं कशाला बोलू, तो जुना आकडा आमचाच. गावात सगळे तेवढाच सांगतात आणि लिहिणारे तेवढाच लिहितात. पण खुलाशात ते कसं मांडायचं? मी लिहिलं की त्या वर्षी थंडीचा चरका बसून घड बारीक राहिले, भाव पडला. चरका बसला होता हे खरं. १ लाख १० हजारांइतका नव्हता हेही खरं.

खुलाशाबरोबर प्रतिज्ञापत्र मागितलं. दारातला टायपिस्ट म्हणाला ५०० चा बॉन्ड लागेल, शंभरचा आता चालत नाही. घेतला. नंतर वकील पुतण्या हसला. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला काढायला जे प्रतिज्ञापत्र लागतं त्याला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर होतं. ५०० रुपये गेले त्यापेक्षा तो हसला याचा मला जास्त राग आला. तुम्ही घेऊ नका.

आणि मग नुसती शांतता. ऑनलाइन बघावं तर "प्रक्रियेत". १२ डिसेंबर, १५ डिसेंबर, १९ डिसेंबर. सही करणारे साहेब कधी मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन, एकदा डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या साहेबांकडे. मी जेवणाचा डबा घेऊन जायला लागले. बाकावर माझ्या शेजारी रोज एक आजोबा यायचे, वारसनोंदीसाठी. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी खाल्ली आणि विचारलं, "तुमचं कोण वारलं?"

शेवटी पुतण्याच भरपाईला आला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे आणि ती उलटली की पहिलं अपील करता येतं. मी अपील केलं नाही. अपिलाचा कागद लिहून, दोन प्रती काढून आवक टेबलावर गेले आणि विचारलं, "पोच कोण देईल?" त्या बाईंनी कागद वाचला, आत गेल्या. पुढच्या कामाच्या दिवशी, सोमवारी २३ डिसेंबरला, दाखला डाउनलोड झाला. म्हणजे काम दोन मिनिटांचं होतं! घरी येताना मी पावशेर जिलेबी घेतली आणि गाडीतच निम्मी खाल्ली.

एक इशारा आत्ताच देते, नाहीतर विसरेन. असा दाखला काढण्याआधी घरात शिकणारं कोण आहे ते बघा. आमच्या धाकट्याच्या शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाखांची. जूनमध्ये धाकट्याचा अर्ज भरायला गेलो तर तेच ९ लाख २० हजार पुढे उभे. आता उत्पन्न कमी करून मागायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? ह्यांना पाठवलं. ते अजून चकरा मारताहेत.

व्हिसाची तारीख ९ जानेवारीची मिळाली. रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने भुसावळहून गेले, सकाळी मुंबईत. काउंटरवरची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. तिने बँकेच्या स्टेटमेंटवर पेन्सिलने गोल केला. ऑक्टोबरमध्ये एकदम ४ लाख १२ हजार जमा, त्याआधी महिनोन् महिने हजार-पाचशे. "मॅडम, हे अचानक कुठून आले?" कापणीतून आले बाई, केळी काय पगारासारखी दर महिन्याच्या एक तारखेला पिकते? व्यापाऱ्याचं लेटरहेड तिथे कामाला आलं. पुढे सातबाऱ्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. अनुवादकाने बागायतचं गार्डन केलं होतं. तिने विचारलं, "तुमचा बगीचा आहे का?" मी मोबाईलवर बागेचा फोटो दाखवला, घड लागलेला, बांबूचे टेकू दिलेला. ती म्हणाली, "ओह, बनाना!" आणि शिक्का मारला. अनुवाद करून घेताना बागायतला सिंचनाची शेती लिहायला सांगा.

बाकी सगळं सरळ झालं. फी ९० युरो, रुपयांत भरायची. प्रवासाचा विमा किमान ३० हजार युरोचा हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, आपल्याकडचा नेहमीचा पासपोर्ट फोटो चालेलच असं नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. मी दिवाळीची वाट बघितली हीच चूक, ऑगस्टमध्येच दाखल्याला लागायला हवं होतं. पासपोर्ट १४ दिवसांनी कुरिअरने आला.

इन्सब्रुकहून रेल्वेने त्सेल आम झे, तिथून बस. हिंटरग्लेममध्ये त्सव्योल्फरकोगेल नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही उभ्या राहिलो. टीव्हीवर उतार कळत नाही. प्रत्यक्षात मान मागे टाकावी लागते. आणि आवाज! लवणाऱ्या दांड्यांची ठाक-ठाक-ठाक, त्याखाली बर्फ खरवडल्याचा आवाज, नारळ खोवताना येतो तसा, फक्त फार मोठा. बर्फ भुसभुशीत नसतो. त्यात पाणी मुरवून तो गोठवतात म्हणे, म्हणजे शेवटच्या पोरीपर्यंत खाचा फार पडत नाहीत. आम्ही जानेवारीत गारठ्यापासून केळी वाचवायला रात्री बागेला पाणी देतो, हे लोक गोठावं म्हणून पाणी देतात.

शर्यतीच्या दोन फेऱ्या, दुसरीला दांड्या नव्याने रोवलेल्या, वेळेची बेरीज. पहिल्या फेरीतल्या पहिल्या तीस जणी दुसऱ्या फेरीला उलट क्रमाने उतरतात, म्हणून शेवटपर्यंत जीव टांगणीला. मुलीची लाडकी अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन. २०१३ पासून २०१९ पर्यंत सलग चार वेळा तिने हेच सुवर्ण घेतलं. नोव्हेंबरमध्ये पडून तिच्या पोटाला जखम झाली होती, त्यातून उठून ती आली होती. पदक नाही मिळालं तिला. मुलगी गप्प बसली, मी स्वित्झर्लंडच्या कामिल रास्तसाठी ओरडत होते. का? तिच्या देशाचे लोक आमच्या शेजारी गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते आणि त्यांनी एक माझ्या हातात दिली. रास्तला सुवर्ण, तिच्याच देशाच्या वेंडी होल्डनरला रौप्य, यजमान ऑस्ट्रियाच्या काथारीना लिन्सबर्गरला कांस्य. घंटावाल्या काकांनी मुलीला सांगितलं की १९९१ मध्ये जागतिक स्पर्धा इथेच झाली होती आणि तेव्हाही महिलांची स्लॅलम त्यांच्याच व्रेनी श्नायडरने जिंकली होती. त्यानंतर चौतीस वर्षं त्यांच्या बायकांना हे सुवर्ण नव्हतं. काका रडत होते. मला तेवीस डिसेंबरची जिलेबी आठवली.

ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अंधार पडला होता, ते बांधावर. मी कॅमेरा उताराकडे फिरवला.

"ते लाल बांबू कितीले पडतात, इचार बरं."

"अहो, ते लवतात. हात लागला की आडवे होतात."

"मंग काय कामाचे? घड कसा पेलतील? ठेव, लाईट आली, मोटर सुरू करतो."