मध्यम टाकीसाठी मध्य अमेरिकेतील अपरिचित सिक्लिड निवडताना

माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच आहे. हिशेबाने ती २४३ लिटरची होते, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत दोनशे लिटरच्या आसपास पाणी राहते. मध्य अमेरिकेतील सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले मासे, पाळू इच्छिणाऱ्याने लिटरच्या आकड्याआधी टाकीच्या तळाचे माप पाहावे, असे माझे ठाम मत आहे, कारण हे मासे हक्क सांगतात तो तळावर. एक जोडी जमली की अर्धा-पाऊण तळ ती आपला मानते आणि उरलेल्या तुकड्यात दुसऱ्या कोणाला सुखाने राहता येईल का, हाच निवडीचा खरा प्रश्न ठरतो. म्हणून जॅक डेम्प्सीसारखे वीस सेंटिमीटरच्या पुढे जाणारे मासे मी या मापाच्या टाकीसाठी आधीच बाजूला ठेवतो आणि पंधरा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या जातींकडे वळतो. या गटातले फायरमाउथ आणि कन्व्हिक्ट सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचे भाऊबंद मात्र क्वचितच कोणाच्या टाकीत दिसतात.

फायरमाउथचा असाच एक सख्खा नातलग म्हणजे थोरिक्थिस मॅक्युलिपिनिस, ज्याला पूर्वी एलिओटी म्हणत. तो मेक्सिकोतील पापालोआपान नदीच्या खोऱ्यातला आहे. भूगोलाने मेक्सिको उत्तर अमेरिकेत मोडत असला, तरी तिथल्या सिक्लिडांना हौशी मंडळी मध्य अमेरिकेच्याच यादीत धरतात. त्याच्या अंगावरचे निळसर ठिपके आणि पोटाची लाली सुंदर आहेच, पण त्याला पाळावे ते त्याच्या वाळू चाळण्यासाठी. तो तोंड वाळूत खुपसून घास भरतो, किंचित वर उचलला जातो, जबडा क्षणभर हलतो आणि दोन्ही कल्ल्यांच्या झाकणांखालून वाळूच्या दोन बारीक धारा खाली सुटतात. खाण्याजोगे तेवढे तोंडात राहते. हे तो दिवसभर करतो. टाकीत जाड, टोकदार खडी असेल तर त्याचा हा सगळा व्यवहारच बंद पडतो, तेव्हा बारीक, गुळगुळीत वाळू नसेल तर या माशाचा विचार करू नये. स्वभावाने तो सौम्य म्हणावा असा आहे. कल्ल्यांची झाकणे फुगवून धाक दाखवतो, पण प्रत्यक्ष चावण्यापर्यंत गोष्ट सहसा जात नाही, आणि म्हणूनच दांडगट शेजाऱ्यांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

मला सर्वांत जिव्हाळ्याचा मासा मात्र निकाराग्वा आणि कोस्टा रिकातला निएट्रोप्लस नेमॅटोपस आहे, ज्याला आता हिप्सोफ्रिस या प्रजातीत घालतात. एरवी तो राखाडी असतो आणि त्याच्या शरीराच्या मध्यावर एकच काळा उभा पट्टा असतो. कोणी मुद्दाम थांबून पाहावे असे त्याच्यात काही वाटत नाही. माझ्या टाकीतल्या मादीने आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत अंडी घालायची वेळ आली, तेव्हा तिचे अंग काळवंडत गेले आणि तो काळा पट्टा फिका पडत पडत अखेर पांढराशुभ्र झाला, जणू कोऱ्या पाटीवर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढावी. नरही मागोमाग तसाच झाला. पिल्ले सांभाळून होईपर्यंत ही जोडी त्याच उलट्या रंगात राहिली.

या माशाचा आकार पाहून त्याला गरीब समजू नये. निकाराग्वातील शिलोआ सरोवरात संशोधक केनेथ मॅके यांना हिप्सोफ्रिस निकाराग्वेन्सिस या जातीचे नर चक्क पॅराक्रोमिस डोव्ही या शिकारी सिक्लिडच्या पिल्लांची राखण करताना आढळले. त्यांनी १९७७ साली मांडलेले स्पष्टीकरण असे की, डोव्ही मोठे झाल्यावर निएट्रोप्लसला खातात आणि अंडी घालण्याच्या जागांसाठी निकाराग्वेन्सिसशी झगडणारा हाच निएट्रोप्लस असतो. ज्याच्या बंदोबस्तासाठी शेजाऱ्याने शिकाऱ्याची पोरे सांभाळावी, त्या माशाला टाकीत किती जागा लागेल हे ओळखावे. माझ्याकडे एकच जोडी आहे, सगळे दगड आणि कुंड्या एका टोकाला आहेत, आणि वरच्या पाण्यात स्वोर्डटेल मासे फिरतात. हा मासा दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणारा असल्याने त्याच्या आहारात स्पिरुलिनासारखा वनस्पतिजन्य भाग मोठा ठेवावा लागतो.

ज्यांना इतका कडक स्वभाव नको असेल, त्यांनी पनामातील लहानखुरा, पिवळा नॅनोल्युटियस शोधावा. तो दहा सेंटिमीटरच्याही आत राहतो. कोस्टा रिकाचा टी-बार, म्हणजे साजिका, आणि शेवाळ खाण्यासाठी तीन टोकांचे दात लाभलेला रेनबो सिक्लिड हेही या मापात नीट बसतात.

यांतली कोणतीही एकच जात निवडावी, हा माझा आग्रह जागेपुरता नाही. कन्व्हिक्ट आणि त्याच्या जवळच्या जाती एकमेकांशी सहज संकर करतात आणि अशी पिल्ले पुढे शुद्ध जातीच्या नावाने हातोहात फिरतात. मीही एकदा साजिका म्हणून सहा पिल्ले आणली होती. ती वाढली तशी त्यांच्या अंगावर कन्व्हिक्टचे पट्टे उमटत गेले आणि आठ महिने गेल्यावर माझ्या हाती संकर उरला. तेव्हापासून आई-बाप प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, निदान त्यांचे स्पष्ट छायाचित्र आणि मूळ नदीचे नाव मिळाल्याशिवाय, मी मासा घेत नाही. ते नदीचे नाव मी टाकीवर लिहून ठेवतो आणि माझी पिल्ले ज्यांना देतो, त्यांनाही सांगतो.

पाण्याची बाब तुलनेने सोपी आहे. सामू ७.५ ते ८ च्या दरम्यान, पाणी थोडे जड, तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणे, इतके सांभाळले की पुरते.

जोडी आयती आणण्यापेक्षा सहा ते आठ पिल्ले आणावीत आणि ती मोठी होताना आपापसांत जोडी जमू द्यावी, कारण आपण जुळवलेल्या नर-मादीचे पटेलच असे नाही आणि न पटल्यास मादीचा जीव जाऊ शकतो. उरलेल्या चार ते सहा माशांसाठी मात्र घर आधीच ठरवून ठेवावे लागते, आणि जोडी जमल्याची पहिली खूण दिसताच त्यांना त्याच दिवशी हलवावे. माझ्या टाकीत ही खूण म्हणजे एका सकाळी कुंडीच्या तोंडाशी थांबलेले दोन मासे आणि विरुद्ध कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपामागे, दाटीवाटीने उभे असलेले बाकीचे पाच होते.