काचेआडचं ऊन

अनंत चतुर्दशीला मी दवाखाना उघडा ठेवते. पेठांमधले रस्ते मिरवणुकीसाठी बंद झाले की लसीकरणाचे, नखं कापायचे पेशंट येत नाहीत. येतो तो खरोखर अडलेला. फटाक्यांना बिथरून जिन्यावरून पडलेली कुत्री, भेदरून पाणी सोडलेली मांजरं. गेल्या वर्षी दुपारी फोन आला तो पोपटाचा होता.

‘मॅडम, आफ्रिकन ग्रे आहे आमचा. पिंजऱ्यात खाली पडलाय. मान मागे वळलीय, पंख थरथरतायत. खालून पथक गेलं आत्ताच, ढोलाच्या आवाजानं असं होतं का?’ बोलणारी मुलगी कॉलेजातली असावी. मागून कुणीतरी ‘पाणी पाजा त्याला’ असं ओरडत होतं.

पाणी पाजू नका, हे मी पहिलं सांगितलं. झटका आलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी घातलं की ते श्वासनलिकेत जातं, आणि झटक्यातून वाचला असता असा पक्षी घोटभर पाण्यानं जातो. दांडी आणि वाट्या बाहेर काढा, तळाला टॉवेल अंथरा, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून अंधार करा आणि निघा, एवढं सांगून फोन ठेवला.

नारायण पेठेतून नदीच्या अलीकडे यायचं, त्यात तो दिवस. बाप आणि लेक खोकं छातीशी धरून बोळाबोळांतून चालत आले, पूल ओलांडला आणि मग रिक्षा केली. आले तेव्हा दोघंही घामानं भिजलेले होते. खोक्यात बंडू एका कुशीवर पडला होता. वय नऊ वर्षं, वजन ३९२ ग्रॅम, राखाडी अंग, लालबुंद शेपूट. बोटांच्या मुठी आवळलेल्या. मी टॉवेलमध्ये उचललं तसा दुसरा झटका आला.

पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती पुढे-मागे हलली तरच हवा आत जाते, त्यामुळे धरणाऱ्यानं छाती दाबली तर पक्षी हातातच गुदमरतो. डोकं दोन बोटांत, अंग टॉवेलमध्ये सैल, असं धरून आमच्या मदतनिसानं ऑक्सिजन लावला. झटका थांबवायचं औषध मी दिलं, पण ते केवळ झटक्याचं औषध होतं. तो का आला हे शोधायचं बाकी होतं.

ग्रे पोपटाला झटके आले की माझ्या डोक्यात एक छोटी यादी फिरते. साखर उतरलीय का? पायाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन पाहिलं, ठीक होती. शिसं किंवा जस्त पोटात गेलंय का? हे पोपट चोचीनं सगळं कुरतडतात. गॅल्व्हनाइज्ड तार, घंटेचा लोलक, जुन्या खिडकीचा रंग, पडद्याच्या काठात शिवलेली वजनं. एक्स-रे काढला. पोटात धातूचा चमकता कण कुठेच नव्हता, अडकलेलं अंडंही नव्हतं. आणखी एक गोष्ट दिसली. हाडं उत्तम होती. दाट, सरळ, कुठे वाक नाही.

अननुभवी माणसाला इथे वाटेल की कॅल्शियमचा प्रश्न नक्की नाही. कोंबडीच्या किंवा दुसऱ्या पोपटांच्या बाबतीत ते बरोबरही ठरलं असतं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की शरीर हाडांमधून उसनं घेतं आणि हाडं पोकळ दिसू लागतात. आफ्रिकन ग्रेचं शरीर नेमकं इथे कमी पडतं. त्याला हाडांतला साठा वेळेवर मोकळा करता येत नाही. कोठार भरलेलं आणि रक्त रिकामं. मग नसा आणि स्नायू ताळ्यावर राहत नाहीत, आधी तोल जातो, नंतर झटके येतात. अशा पक्ष्याला धक्का बसला, भीती वाटली, तर तेवढं निमित्त पुरतं. ढोलाचा दोष तेवढाच.

रक्त घेतलं ते मानेच्या उजव्या शिरेतून, पक्ष्यांमध्ये तीच मोठी असते. नमुना वेगळा करून फ्रिजमध्ये ठेवला, कारण त्या दिवशी लॅबचा माणूस येणं शक्य नव्हतं. रिपोर्टची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. कॅल्शियम ग्लुकोनेट सलाइनमध्ये पातळ करून छातीच्या स्नायूत हळूहळू दिलं. मग उबेच्या पेटीत ठेवून आम्ही समोर बसलो.

या आजारात उत्तर फार लवकर मिळतं. थोड्याच वेळात थरथर ओसरली. मुठी सुटल्या. त्यानं मान सरळ केली, पिवळसर डोळ्यातली बाहुली लहान-मोठी करत आमच्याकडे पाहिलं आणि टॉवेलची घडी पायानं पकडून उठायला लागला. मुलगी तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती तिथेच फरशीवर बसून रडली.

आता मला कारण हवं होतं. ऊन मिळतं का, असं विचारल्यावर वडील ठामपणे म्हणाले, ‘रोज. गॅलरीत पूर्वेचं ऊन येतं, नऊ वर्षं सकाळी दोन तास तो तिथेच असतो. पावसाळ्यात ढग असतात तेवढंच.’ ते खरं बोलत होते, आणि तरी समोरच्या पक्ष्याशी ते जुळत नव्हतं. गॅलरीचा फोटो आहे का, असं विचारलं. मुलीच्या फोनमध्ये शेकड्यांनी होते. एप्रिलमधला एक तिनं काढला. स्वच्छ ऊन, पिंजऱ्यावर उजेडाचे पट्टे, बंडू पंख पसरून बसलेला. त्याच्या शेजारी अगदी तसाच दुसरा बंडू दिसत होता. काचेतलं प्रतिबिंब.

इमारत नव्यानं बांधली तेव्हा धूळ आणि डास नकोत म्हणून गॅलरीला सरकत्या काचा बसवल्या होत्या. काचेतून उजेड येतो, ऊब येते. अतिनील-ब किरण मात्र काच अडवते, आणि त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार व्हायला तेच लागतात. ड-३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही आतड्यातून नीट रक्तात जात नाही. मायकेल स्टॅनफर्ड या ब्रिटिश पक्षीवैद्यकानं आफ्रिकन ग्रे आणि दक्षिण अमेरिकेतले पायोनस पोपट यांच्यावर शिस्तीत काम करून दाखवलंय की ग्रेचं रक्तातलं कॅल्शियम या किरणांवर कितीतरी अधिक अवलंबून असतं. पक्षी पाळणाऱ्या प्रत्येक घरी हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत काचबंद गॅलरी नसलेला फ्लॅट आता शोधावा लागतो.

खाण्याचं विचारायला आजींना फोन लावला, कारण बंडू खातो तो आजींच्याच हातून. ‘अगं, लाडका आहे तो. सूर्यफुलाच्या बिया त्याला सगळ्यांत आवडतात, वाटीभर संपवतो. भिजवलेले शेंगदाणे. सकाळी माझ्याबरोबर पोळीचा तुकडा, चहात बुडवलेलं बिस्किट. फळ दिलं तर फेकतो.’ मग थोडं थांबून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, एक सांगू? पंधरा दिवस झाले, तो रात्री दांडीवरून पडायचा. धप्प आवाज यायचा. सकाळी ठीक असायचा, म्हणून मी कुणाला बोलले नाही. शेजारच्या म्हणाल्या, पोपट डॉक्टरकडे नेला की वनखात्याला कळतं आणि ते घेऊन जातात.’

बाप-लेक एकमेकांकडे पाहत राहिले. ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे आणि तिच्यामुळे आजारी पक्षी फार उशिरा येतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. आपले देशी पोपट, म्हणजे कंठवाला हिरवा पोपट आणि त्याचे भाऊबंद, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे आणि तो असावाच. आफ्रिकन ग्रे परदेशी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. पक्षी दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं. वडिलांनी बंडूची नोंदणी केलेली होती, फक्त घरात आईला ते सांगायचं राहून गेलं होतं.

नोंदणीचा जाच वाटणाऱ्यांना मी या पक्ष्याचं मूळ गाव सांगते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची दमट जंगलं. तिथे हे थव्यानं राहतात, तेल-माडाची फळं खातात, जंगलातल्या मोकळ्या जागांवर शेकड्यांनी उतरून मातीही खातात. १९८२ ते २००१ या काळात जंगलातून पकडलेले सुमारे १३ लाख ग्रे परदेशी व्यापारात गेले. घानात तर १९९० च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी नाहीसे झाले. म्हणून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या २०१६ सालच्या जोहान्सबर्ग परिषदेत या पोपटाला परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं आणि रानातून पकडलेल्यांचा व्यापार बंद झाला. घरात बसलेला ग्रे पाळीव दिसतो, पण कुत्र्यासारख्या हजारो वर्षं माणसांत राहिलेल्या जातीचा तो नाही. त्याचं शरीर अजून त्या जंगलाचंच आहे.

आणि तो बोलतो, तिथेच आपली गफलत होते. अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या ग्रेबरोबर १९७७ ते २००७ अशी तीस वर्षं काम केलं. रंग, आकार, वस्तू किती आहेत हे तो विचारल्यावर सांगायचा. असा पक्षी आपल्याशी आपल्या भाषेत बोलू लागला की तो घरातलं माणूस होतो, आणि मग आपण त्याला माणसाचं ताट वाढतो. प्रेमच असतं ते. बंडूच्या आजींइतकं प्रेम मी क्वचित पाहिलंय. पण सूर्यफुलाच्या बियांत कॅल्शियमच्या आठपट फॉस्फरस असतो आणि चरबी भरपूर. नऊ वर्षं त्याच बिया, काचेआडचं ऊन आणि वर अख्खा पावसाळा.

आजींना हे सगळं फोनवर कसं समजवायचं याचा विचार करत होते. मग विचारलं, ‘आजी, तुम्हाला गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात ना? आणि आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची ती पुडी?’

‘ड जीवनसत्त्वाची. पुडीशिवाय गोळी लागत नाही म्हणाले.’

‘बंडूचंही तेच झालंय.’

‘अगं बाई,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि मग वही-पेन घेऊन बसल्या.

त्या रात्री बंडू दवाखान्यातच राहिला. लांबून ढोल ऐकू येत होते. मध्यरात्रीनंतर कधीतरी पेटीतून स्वच्छ बाईच्या आवाजात आलं, ‘कृपया दरवाज़ा बंद करें.’ त्यांच्या लिफ्टचा आवाज. आमचा मदतनीस खुर्चीतून उठून खरोखर दाराकडे गेला. मला मात्र त्या वाक्यानं जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. ज्या ग्रेला बरं वाटत नाही तो नकला करत नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कॅल्शियम ५.६ मिलिग्रॅम. आठच्या वर हवं होतं, आणि सहाच्या खाली झटके येतात.

इंजेक्शननं वेळ निभावते. पुढचं काम घरात आणि ते चिवट. नऊ वर्षं बियांवर वाढलेला पोपट समोर ठेवलेलं नवं अन्न अन्न म्हणून ओळखतच नाही. एकदम बिया बंद केल्या तर तो उपाशी राहतो, म्हणून रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि बिया थोड्या थोड्या कमी करायच्या. पक्ष्यांसाठीच्या संतुलित गोळ्या, मोड आलेली नाचणी, शेवग्याचा पाला, चोच घासायला समुद्रफेस. नाचणीइतकं कॅल्शियम आपल्या दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. पालक टाळा म्हटलं, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. ड-३ चे थेंब मनानं वाढवायचे नाहीत, जास्त झाले तर मूत्रपिंडं खराब होतात.

पहिले कित्येक दिवस बंडूनं सगळं फेकलं. तोड आजींनी काढली. ग्रे थव्यात राहणारा पक्षी, दुसरा काय खातो ते पाहून खातो, असं मी बोलता बोलता सांगितलं होतं. त्या रोज त्याच्यासमोर बसून शेवग्याच्या पाल्याची भाजी अगदी चवीनं खायला लागल्या आणि त्याला मुद्दाम दिली नाही. काही दिवसांनी तो खांद्यावरून उतरून ताटाच्या कडेला आला आणि डहाळी ओढून घेऊन गेला. तेल-मिठाविना त्याची वेगळी वाटी तेव्हापासून सुरू झाली.

गॅलरीची एक काच काढून तिथे स्टीलची घट्ट जाळी बसवली. सकाळचं कोवळं ऊन, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली, आणि घारी-कावळे असतात म्हणून माणूस जवळ. दिवाळीनंतर कॅल्शियम ९.४ झालं. तपासणीला आणलं तेव्हा बंडूनं माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. चोचीत ताकद आलेली मी प्रत्यक्ष अनुभवली.

पावसाळ्यासाठी अतिनील-ब चा पक्ष्यांसाठीचा दिवा आणलाय. तो पिंजऱ्यापासून ठरलेल्या अंतरावर लावायचा, आणि उजेड दिसत असला तरी वर्षाच्या आत बदलायचा, कारण किरण आधी संपतात. दिव्यावर बसवल्याची तारीख आजींनी मार्करनं लिहून ठेवली आहे. पुढचं रक्त मृग लागायच्या आधी तपासायचं ठरलंय.