तुम्ही विचारलंत म्हणून: भावाच्या घरात हिस्सा का मागितला?

लग्नाच्या पंगतीत, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले असताना, हाच प्रश्न. "भावाच्या घरात हिस्सा मागितलास म्हणे?" विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि त्यातल्या निम्म्यांनी स्वतः कधीतरी हक्कसोडवर, म्हणजे माहेरचा वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केलेली असते. म्हणून मी आजवर फार बोलले नाही. आता एकदाच सगळं लिहिते.

ते घर भावाचं नव्हतं. आमच्या वडिलांचं होतं, सोलापूरच्या पूर्व भागात, दीड गुंठ्याचं. खाली चार यंत्रमागांचा कारखाना, वर आम्ही. कागदावर एकट्या वडिलांचं नाव. पण वरचा स्लॅब पडला तो आईच्या विड्यांच्या पैशावर, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. आई हजारानं विड्या वळायची. शाळेतून आलं की अक्का आणि मी भिजवलेली पानं कात्रीनं कापायला बसायचो, पुढं हात बसल्यावर वळायलाही. आठवड्याला विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये माल द्यायचा, त्यातला खराब बाजूला काढला जायचा, उरलेल्याचे पैसे. ते पैसे सिमेंटला गेले, सळईला गेले. आमचा भाऊ अण्णा त्या वेळी शिकवणीला जायचा. त्यात त्याचा दोष नाही. त्याला कुणी पान कापायला बसवलंच नाही.

आई आधी गेली, वडील 2019 मध्ये. मृत्युपत्र नव्हतं. आम्ही तीन वारस: अण्णा, अक्का, मी.

लोक मला सांगतात की 2005 च्या कायद्यानं पोरींना डोक्यावर बसवलं. माझ्या बाबतीत गोष्ट त्याहून जुनी आहे. वडिलांनी स्वतः घेतलेली मिळकत आणि मृत्युपत्र नाही, अशा वेळी मुलाला आणि मुलीला सारखा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. मात्र त्याच कायद्यात 23 वं कलम होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीनं मागायची नाही, भाऊ वाटणी करतील तोवर थांबायचं. वाटा आहे, पण मागायची सोय नाही. ते कलम 2005 मध्ये गेलं. हे मला वकिलांनी समजावलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या आईच्या पिढीतल्या बायका गप्प राहिल्या त्याला नुसती भिडस्त वृत्ती कारण नव्हती.

आता तो दिवस.

2021 ची दिवाळी होऊन गेली होती. एसटीचा संप चालू होता. माझे मिस्टर एसटीत मेकॅनिक, पगार बंद. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात सुपरवायझर, घर माझ्या पगारावर आणि तेही भाड्याचं. अण्णाचा फोन आला, "वारस नोंदीला सही लागतीय, ये की." मी आधार कार्ड आणि फोटो घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात गेले. अक्का आधीच येऊन बसली होती. अण्णाला मागांसाठी कर्ज काढायचं होतं आणि बँकेला एकाच नावाचं घर हवं होतं, हे मला तिथं कळलं.

बाहेर दस्तलेखकाच्या टेबलावर कागद तयार होता. हक्कसोड पत्र. भाऊ-बहिणीत असेल तर त्या वेळी दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होत होतं. मी वाचायला घेतला. अण्णा म्हणाला, "वाचायचं काय त्यात, सगळ्यांचं असंच असतंय." तरी वाचला. 'सदर मिळकतीमधील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने, विनामोबदला, कायमचा सोडून देत आहे' इथपर्यंत मी शांत होते. खरं सांगते, इथपर्यंत वाचून मी पेन हातात घेतलं होतं. पुढची ओळ होती: 'माझ्या लग्नामध्ये वडिलांनी माझा योग्य तो खर्च केला असून मला माझ्या हिश्श्यापोटी सर्व काही मिळालेले आहे.'

माझ्या लग्नात वडिलांनी काढलेलं कर्ज आईनं आणि मी फेडलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी विड्या वळत होते. मला काय मिळालं होतं? मी दस्तलेखकाला म्हटलं, "ही ओळ काढा." तो म्हणाला, "बाई, हे सगळ्याच कागदात असतं." मी अण्णाकडं बघितलं. तो म्हणाला, "ओळीनं काय होतंय? सही कर की. टोकन लागलंय."

टोकन खरंच लागलं होतं. आम्ही आत गेलो. दोन साक्षीदार अण्णाचे मित्र होते, एक तर माझ्या वर्गातला. अंगठ्याचं मशीन, कॅमेरा. निबंधक साहेब मान खाली घालून प्रत्येकाला विचारत होते तेच मलाही विचारलं, "कागद वाचला का? राजीखुशीनं देताय ना?" त्यांच्यासाठी तो दिवसाचा कितवा तरी दस्त असेल. मी बोलले नाही. त्यांनी मान वर केली आणि परत विचारलं. मी म्हटलं, "वाचलाय. राजीखुशीनं नाही."

साहेबांनी कागद बाजूला सारला. "मग बाहेर बोलून घ्या. पुढचा." एवढंच. मला वाटत होतं काहीतरी मोठं होईल. मागचा माणूस पुढं सरकून खुर्चीत बसलासुद्धा.

बाहेर आल्यावर अण्णा सगळ्यांसमोर बोलला, "भीक मागायची होती तर घरी मागायची." अक्का रडायला लागली, आणि ती अण्णाला नाही, मला म्हणत होती, "काय करून बसलीस?" मित्र पार्किंगकडे निघून गेले. मी रिक्षा न करता चालत निघाले. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "आता माघार घेऊ नको." संपाच्या काळातला माणूस होता तो, त्या दिवसांत त्याच्या तोंडात तीच भाषा होती.

पुढच्या आठवड्यात अक्कानं एकटीनं वेगळं हक्कसोड करून दिलं. अण्णाच्या नावावर दोन तृतीयांश झालं, माझा एक तृतीयांश तसाच राहिला.

"गरज होती म्हणून मागितलंस, त्यात काय चुकलं," असं माझी बाजू घेणारे म्हणतात. मला ती बाजू नको. गरज होती, खूप होती. पण गरज नसती तर मी सोडायला हवं होतं का? अण्णाला कुणी विचारलं का, की तुला गरज आहे का? दुसरीकडे हेही खरं की ती एक ओळ त्यानं खोडली असती तर मी त्या दिवशी सही करून घरी आले असते. मग हक्काचं एवढं बोलणारी मी, एका ओळीवर अडले की हिश्श्यावर? माझं मलाच याचं एकसारखं उत्तर मिळत नाही.

भांडण खरं पेटलं ते घराच्या किमतीवरून. अण्णा शेवटी हिस्सा द्यायला कबूल झाला, पण म्हणाला रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरानं हिशेब धरू, आणि तोही वडील गेले त्या सालचा. आमच्या भागात रेडी रेकनर आणि प्रत्यक्ष व्यवहार यात फरक होताच, शिवाय भाग बदलत होता. माग भंगारात जात होते, विजेचा खर्च निघत नव्हता, आणि ज्या गल्लीत दिवसरात्र खडखडाट असायचा तिथं शिलाईची युनिट, गोडाऊन, दुकानं येत होती. मागवाल्याला जागा जड झाली होती आणि व्यापाऱ्याला तीच हवी होती. मी म्हटलं, बाजारात जे मिळेल त्याचा तिसरा भाग. तो म्हणाला, तेवढी रोकड माझ्याकडं नाही, मग घरच विकावं लागेल. मी म्हटलं, विकू. हे वाक्य मी म्हटलंय. "भावाला घर विकायला लावलं" असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणत नाही.

2022 च्या उन्हाळ्यात घर 48 लाखांना गेलं. घेणारा कापडाचा व्यापारी. माझा तिसरा भाग 16 लाख झाला. अण्णानं अक्कलकोट रोडला फ्लॅट घेतला, माग एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये नेले. तो रस्त्यावर आला असं सांगणाऱ्यांनी एकदा त्याच्या घरी जाऊन यावं. पण शेडचं भाडं दर महिन्याला जातं, पूर्वी ते जात नव्हतं, हेही त्यांनी बघून यावं.

मी जुळे सोलापुरात जुना फ्लॅट घेतला, 26 लाखांचा, वरचं कर्ज. एप्रिल 2021 पासून घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मिस्टरांचं नाव घातलं तर मिळत नाही. सव्वीस हजार वाचत होते म्हणून घरच्यांनी ऐकून घेतलं. नाहीतर एकटीचं नाव का, यावर आणखी एक बैठक झाली असती. त्या वेळी अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. एजंट म्हणाला, गुंतवणूक अडकेल. मी म्हटलं, अडकू दे. पुढं ती अटही निघाली. कर्ज काढलं त्याच वर्षी रेपो दर, म्हणजे ज्यावर कर्जाचं व्याज हलतं तो रिझर्व्ह बँकेचा दर, 4 टक्क्यांवरून चढायला लागला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहावर गेला. हप्ता तेवढाच ठेवला, वर्षं वाढली. पाण्याची गत सगळ्या शहराची तीच. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी, उजनी भरून वाहिली तरी. नवा भाग म्हणून रोज येईल असं समजून इकडं कुणी घर घेऊ नये.

आता अण्णाची बाजू. वडिलांची शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली. त्यांचं सगळं वहिनीनं केलं. मी रविवारी जायची, फळं घेऊन जायची, पायाला तेल लावायची आणि संध्याकाळी परत यायची. हिशेबाच्या वेळी अण्णानं दवाखान्याची बिलं काढली, ती मी मान्य केली, माझ्या वाट्यातून तिसरा भाग वजा झाला. मग तो म्हणाला, "आणि वहिनीचं काय?" मी म्हटलं, त्याचा दर कसा लावायचा ते तूच सांग. तो गप्प बसला. मी जिंकले असं त्या वेळी वाटलं होतं. आज वाटतं, त्याला दर सांगता आला नाही म्हणून ते काम शून्य कसं झालं? माझ्या आईच्या विड्यांचा हिशेब मी धरायला सांगते आणि वहिनीचा नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वकिलांकडेही नव्हतं. वारसाच्या वाट्यात कायदा सेवा मोजत नाही, एवढं ते म्हणाले.

आणि माझीच वाक्यं मला आठवतात. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी शेजारच्या पोरीनं भावावर दावा लावला होता, तेव्हा मी म्हटलं होतं, "चार पैशांसाठी माहेरचं दार बंद करून घेतलं बाईनं." त्या वयातली मी समोर आली तर तिला काय सांगू? दार बंद होतं, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा आमच्या समाजातल्या पोरी माहेरी असतात, राखी बांधतात, रथ बघतात. मी आता रस्त्याच्या कडेला उभी राहून रथ बघते आणि घरी येते. पहिल्या वर्षी राखी पोस्टानं पाठवली. पोचली की नाही, कळलं नाही. दुसऱ्या वर्षी पाठवली नाही. मागच्या वर्षी वहिनीनं भाचीच्या हातानं फराळाचा डबा पाठवला. अण्णाला विचारून पाठवला की न विचारता, हे मी भाचीला विचारलं नाही.

होटगी रोडचं विमानतळ चालू झाल्यापासून दुसरा प्रश्न सुरू झालाय. 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं, आणि एजंट घरी येऊन दर सांगायला लागले. "आता विकणार का? नफ्यात आहात." नाही. राहायला घेतलंय.

मात्र मृत्युपत्र करायचं ठरवलंय. वडिलांनी केलं नाही म्हणून आमच्यात जे झालं ते माझ्या पोरांत नको. मुलगा आणि मुलगी, दोघांना निम्मं-निम्मं, असं मी जेवताना बोलले. मुलीचं लग्न झालंय, ती पुण्याला असते. मुलगा आमच्यात राहतो. निबंधक कार्यालयातून मी चालत आले त्या दिवशी तो कॉलेजात होता, आणि घरात सगळ्यात आधी "बरोबर केलंस आई" म्हणाला तो तोच. या वेळी तो काही बोलला नाही. नंतर हात धुताना एवढंच म्हणाला, "हप्ता मी भरतोय ना पण."

खरंच तोच भरतोय, गेल्या वर्षापासून. मिस्टर रिटायर झाले, माझा पगार घरखर्चाला जातो. मी त्याला म्हटलं, भरलेल्या हप्त्यांचा वेगळा हिशेब धरू. तो म्हणाला, "आणि तुमच्या दोघांचं म्हातारपण?" अण्णानं विचारलं होतं तसंच, जवळजवळ त्याच सुरात, आणि याला तर अण्णाचं ते बोलणं मी कधी सांगितलेलंही नाही.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर, मला नको आहे. मी तिला म्हटलं, नको असं आत्ता म्हणू नकोस. मसुदा वकिलांकडे आहे. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, सगळं टाइप झालंय. वाट्याची जागा अजून कोरी ठेवायला सांगितलीय.